जिवनबाईच्या डोळ्यातले कृमी

देविदास राठोड वर्गात फळ्यावर गांडुळाची चेतासंस्था काढत होता, तेव्हा खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरला. आधीचे दोन त्याने कापले होते. तिसऱ्यांदाही बायकोचाच म्हटल्यावर तो खडू हातात घेऊनच व्हरांड्यात आला. शिवकन्या याडीला घेऊन खिल्लारे डॉक्टरबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आली होती, आणि डॉक्टरबाई त्याला आत्ताच्या आत्ता बोलावत होत्या. काय झालं म्हणून त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती एवढंच म्हणाली, की फोनवर सांगता येत नाही, तुम्ही या.

याडी म्हणजे त्याची आई, जिवनबाई. ती पुसेगावजवळच्या तांड्यावर राहायची. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, तरी तीन गुरं आणि दोन एकर शेत सोडून हिंगोलीला लेकाकडे यायला ती तयार नव्हती. आज ती आली कधी, हेच देविदासला ठाऊक नव्हतं. शिवकन्याने तिला परस्पर आणलं होतं. परस्पर का आणलं, तेही त्याला कळत होतं, आणि म्हणूनच मोटारसायकलला किक मारताना त्याला रागच आला.

दोन वर्षांपासून याडीचं एकच चाललं होतं, डोळ्यात काहीतरी चालतंय. आणि दोन वर्षांपासून देविदासचं एकच उत्तर होतं, तसं काही नसतं.

त्याचं उत्तर सगळे मानत, कारण तो कृमींचाच माणूस. बकऱ्यांच्या आतड्यातल्या कृमींवर त्याने पीएच.डी. केली होती. सात वर्षं तो रविवारी सकाळी खाटिकांच्या दुकानांपुढे बादली घेऊन उभा राहिला होता. तांड्यात त्याच्याआधी कोणी डॉक्टर झालं नव्हतं, मग तो सुई टोचणारा का नसेना. कॉलेजात अजून तासिका तत्त्वावरच होता, पण तांड्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. याडीच्या डोळ्याचा विषय निघाला, की बाया म्हणत, देविदास न्हाई म्हणून राहिला ना, मग न्हाई.

दवाखान्यात याडी यंत्रापुढच्या स्टुलावर बसली होती, हनुवटी पट्टीवर टेकवून. डॉ. करुणा खिल्लारे चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी स्वतःची खुर्ची मागे सरकवली आणि देविदासला जागा करून दिली.

"राठोड सर, तुम्ही प्राणिशास्त्राचे," त्या म्हणाल्या. "मग हे काय आहे, तुम्हीच सांगा."

त्याने डोळा लावला. यंत्रातून याडीचा डोळा ताटाएवढा दिसत होता. लाल, ओला, पापण्यांच्या मुळाशी चिकट पू. आणि खालच्या पापणीच्या घडीतून एक पांढरा दोरा वर आला, वळला, बुबुळाच्या कडेवरून सरपटत गेला आणि वरच्या पापणीखाली शिरला. त्याच्या मागून दुसरा आला.

देविदासने तोंड बाजूला केलं, चष्मा पुसला, पुन्हा डोळा लावला. दोरे तिथेच होते. तिसराही होता. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. हे गोल कृमी होते, जिवंत, आणि त्याच्या आईच्या डोळ्यात राहत होते.

त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "बाई, स्पिरिटमध्ये टाकू नका, आक्रसतात. कोमट सलाईन आहे का? एक काचेची बशी द्या."

शिवकन्या भिंतीला टेकून उभी होती, ती त्याच्याकडे बघत राहिली. याडीची हनुवटी अजून पट्टीवरच होती. आपण आल्यापासून तिला हाकही मारली नाही, हे देविदासच्या तेव्हा ध्यानात आलं. तो खाली वाकून म्हणाला, "याडी, मी आलोय." ती म्हणाली, "आवाज ऐकला मी."

डॉक्टरबाईंनी याडीला आडवं निजवलं, बधिर करणारे थेंब घातले आणि बारीक चिमट्याने एकेक कृमी उचलायला घेतला. उचललेला कृमी चिमट्याच्या टोकाला गोल गोल वळायचा. बशी देविदासच्या हातात होती. डाव्या डोळ्यातून सहा निघाले, उजव्यातून तीन. नखाच्या रुंदीपेक्षा थोडे लांब, दुधासारखे पांढरे. कोमट पाण्यात ते एकमेकांभोवती वळवळत होते.

डोळे धुऊन झाल्यावर डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. उजवा डोळा वाचला होता. डाव्यात बुबुळावर फूल पडलं होतं. कृमी इतके दिवस त्यावरून घासत गेले, त्याची जखम होऊन पांढरा डाग राहिला होता. त्या डोळ्याने आता धुक्यातून बघावं तसंच दिसेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग याडीला विचारलं, "मावशी, किती दिवसांपासून त्रास होता?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"इतके दिवस कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. ह्यालाच सांगितलं." याडीने देविदासच्या दिशेने हात केला. डोळ्यांवर कापूस होता, म्हणून हात थोडा चुकला. "एक काढूनबी दाखवला व्हता. हा म्हनला, ओढनीचा धागा हाय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. डॉक्टरबाई कागदावर लिहू लागल्या. देविदासला वाटलं, त्यांनी काहीतरी विचारावं. त्यांनी विचारलं नाही.

त्याला ते आठवलं. लख्ख आठवलं. दिवाळीचे दिवस होते, तो तांड्यावर गेला होता. याडी गोठ्यातून आली, उजव्या हाताचं बोट पुढे करून. बोटावर काहीतरी पांढरं, सुकलेलं चिकटलं होतं. तो फोनवर कोणाशी तरी परीक्षेच्या पेपरांबद्दल बोलत होता. त्याने फोन कानापासून काढलाही नव्हता. बोटाकडे एक नजर टाकली, ओढणीचा धागा आहे म्हणाला आणि पुन्हा बोलू लागला. ती बोट तसंच धरून थोडी थांबली होती. मग गेली.

तेवढ्यावर थांबलं असतं, तरी एक वेळ ठीक. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी याडी उठता-बसता डोळे चोळू लागली, आणि शेजारच्या बाया तिला काहीबाही म्हणू लागल्या. तेव्हा देविदास तिला शहरातल्या एका डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. त्यांनी डोळे बघितले नाहीत, देविदासचं ऐकलं. आईला भास होतात, अंगात किडे असल्यासारखं वाटतं, असं त्यानेच सांगितलं होतं. शब्दसुद्धा पुस्तकातलेच वापरले होते. मग अकरा महिने याडी झोपेच्या गोळ्या खात राहिली. दिवसा गोठ्याच्या दारात बसल्या बसल्या पेंगायची. तांड्यात तिच्याबद्दल बोलताना लोक कानाजवळ बोट फिरवू लागले. शिवकन्याने एकदोनदा म्हणून बघितलं होतं, की एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला तरी दाखवू. त्यावर तो म्हणाला होता, मी काय शिकलोय ते तुला माहीत आहे ना?

त्या दिवशी संध्याकाळी तो याडीला घेऊन घरी आला. जेवताना त्याने तिच्या पानात स्वतःच्या हाताने भाकरी कुस्करली. ती म्हणाली, दिसतंय मला. बास तेवढंच.

रविवारी कॉलेजला सुट्टी होती. देविदासने शिपायाकडून किल्ली घेतली, प्रयोगशाळा उघडली आणि नऊ कृमी एकेक करून मायक्रोस्कोपखाली ठेवले. अशा कृमींचं एक घराणं शास्त्राला माहीत आहे. ते गुरांच्या आणि कुत्र्यांच्या डोळ्यांत राहतात, डोळ्यांवर बसणाऱ्या माश्यांबरोबर एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात, आणि क्वचित माणसाच्या डोळ्यातही उतरतात. देविदासने पुस्तकं पुढ्यात घेतली आणि त्यातल्या एकेका जातीशी मिळवून बघू लागला. अंगावरच्या वळ्या मोजल्या. तोंडाची वाटी मोजली. नऊंत दोन नर होते. नराच्या शेपटीकडे दोन काटे असतात, एक लांब, एक आखूड. त्यांची मापं घेतली. मापं कशाशीच जुळेनात. त्याला वाटलं, आपलंच चुकतंय. त्याने भिंग पुसलं, काचपट्टी बदलली, सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. दुपारपर्यंत तीनदा केलं. काटे तेवढेच भरत होते, आणि तेवढ्या मापाचे काटे कोणत्याच पुस्तकात नव्हते.

त्याने आपल्या गाइडना फोन लावला. रामप्रसाद सर आता निवृत्त होऊन नांदेडला राहत होते. आयुष्यभर त्यांनी कृमीच बघितले होते आणि ते कशानेही उतावीळ होत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नऊ कृमींवर नवी जात जाहीर करू नकोस म्हणाले. डीएनएची चाचणी करून घे. आणि जनावरात शोध, कारण माणसाच्या डोळ्यात तो चुकून आला असणार, त्याचं खरं घर दुसरं असेल. शेवटी त्यांनी विचारलं, हे आणले कोणत्या पेशंटकडून? देविदास म्हणाला, तांड्यावरची एक बाई आहे. फोन ठेवल्यावर आपण काय बोललो हे त्याला कळलं, पण पुन्हा फोन लावायचा धीर झाला नाही.

गुरं तपासायची तर आधी आपल्याच तांड्यात, म्हणून पुढच्या आठवड्यात तो बाटल्या, पिचकारी आणि टॉर्च घेऊन तांड्यावर गेला. याडी बरोबर निघाली. तांड्यातली गुरं तिला ओळखत होती, परक्या माणसाला डोळ्याला हात लावू देणारी नव्हती. पहिल्या गोठ्यात तो टॉर्च काढत होता, तेवढ्यात याडी म्हणाली, "हिच्यात न्हाई. त्या कोपऱ्यातल्या गोऱ्ह्यात बघ. डाव्या डोळ्यात."

मायलेक आपसात गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलत. इथे ते मराठीत सांगतोय एवढंच.

देविदासने गोऱ्ह्याचा डावा डोळा धुतला. वाटीत चार पांढरे दोरे आले. पुढच्या गोठ्यात याडीने एक म्हैस सोडून दिली आणि दोन गायी दाखवल्या. दोन्हींत निघाले. तिने सोडलेल्या म्हशीचे डोळेही त्याने धुऊन बघितले, शास्त्र म्हणून. काही नव्हतं. सूर्य डोक्यावर येईपर्यंत पंधरा जनावरं झाली. याडीचं एक चुकलं, चौदा बरोबर आली.

"तुला कसं कळतं?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं ते असं. पहिल्यांदा तिच्या तांबड्या गायीच्या डोळ्यात तिला दोरा दिसला, पावसाळा संपताना. तांबडीचं डोळ्यातून पाणी गळायचं, ती उन्हाकडे तोंड करत नव्हती, डोकं एका अंगाला धरायची. बारक्या माश्या तिच्याच डोळ्याभोवती जास्त बसायच्या. त्याच माश्या धार काढताना याडीच्या तोंडावर यायच्या, कारण धार काढताना ती गायीच्या पोटाला कपाळ टेकून बसते आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. महिन्याभराने तिच्या डोळ्यात चालू लागलं. तेव्हापासून ती तांड्यातल्या सगळ्या गुरांचे डोळे बघत आली होती. मीठ घालून उकळलेलं पाणी कोमट करून तिने तांबडीचे डोळे महिनाभर धुतले. तांबडीचं गळायचं थांबलं.

"मग स्वतःचे का नाही धुतलेस?"

"धुतले की. गायीच्या डोळ्यात वाकून बघता येतं, तिथवर पानी जातं का न्हाई ते दिसतं. आपल्या डोळ्यात आपन कसं बघावं? कुनीतरी दुसरं लागतं ना."

देविदास शेणाने सारवलेल्या ओट्यावर खाली बसला. लक्षणं, यजमान जनावर, वाहक माशी, हंगाम. पुस्तकात ज्याला शास्त्र म्हणतात, ते सगळं याडीने गोठ्यात उभ्या उभ्या करून ठेवलं होतं. त्यातलं काहीही तिने लपवलं नव्हतं. दरवेळी तो घरी आल्यावर त्याला सांगायचा प्रयत्न केला होता.

डॉ. खिल्लारे मागच्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, की माणसांनाही तपासायला हवं. त्या एका गुरुवारी दुपारी स्वतः तांड्यावर आल्या. समाजमंदिरात टेबल लावलं. पोरं आली, दोन-चार म्हातारे चष्म्याचा नंबर काढायला आले. बाया दारापर्यंत आल्या, हसल्या, आमाला काय न्हाई म्हणाल्या आणि गेल्या. देविदासने घरोघरी जाऊन विचारलं. कोणाच्या डोळ्यात काही हलतं का? पाणी येतं का? सगळीकडून एकच उत्तर, न्हाई बा. डॉक्टरबाई सामान आवरून गेल्या. त्याला बरं वाटलं, की एवढ्यावरच निभावलं.

रामप्रसाद सरांमार्फत करून घेतलेल्या डीएनए चाचणीचा निकाल यायला सात महिने लागले. तो आला तेव्हा देविदास बाजारात कोथिंबीर घेत होता. फोनवर रामप्रसाद सरांचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता इतका मोठा होता. "देविदास, नवीन आहे. कशाशीही जुळत नाही. माझ्या सबंध आयुष्यात मला असा एक मिळाला नाही, तुला मिळाला."

तो तिथेच उभा राहिला. भाजीवाल्या मावशींनी दोनदा पिशवी पुढे केली. आनंद झाला, हे खरं सांगायला हवं. खूप झाला. कोथिंबिरीच्या ढिगापुढे त्याला आपलं नाव छापलेलं दिसलं, कायम नोकरीची मुलाखत दिसली. आणि त्याच्याच मागोमाग याडीचं डोळ्यांवर कापूस घेऊन चुकलेल्या दिशेने हात करणंही दिसलं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं, हे त्याला समजेना.

नाव काय द्यायचं, हा प्रश्न होता. नव्या जातीला शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं. गावाचं देतात, गुरूचं देतात, कोणाच्या आठवणीत देतात. देविदासच्या मनात एकच होतं. याडीचं नाव. जिवनबाईचं नाव लॅटिन शेपूट लावून शास्त्रात कायमचं राहील, आज जिवंत असलेली सगळी माणसं गेल्यावरही राहील. तिच्याकडून घेतलेलं थोडं तरी असं परत देता येईल. निबंधाचा कच्चा मसुदा घेऊन तो तांड्यावर गेला. याडी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्यासमोर बसून त्याने सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी नाव सांगितलं.

याडी शेंगा सोलायची थांबली.

"त्याला माझं नाव काहून?" ती म्हणाली. "माझा डोळा खाल्ला त्यानं."

"याडी, हा मान असतो. मोठ्या लोकांची नावं देतात."

"मोठ्या लोकान्ला आवडत आसंल. मला नगं. द्यायचंच आसंल तर तांबडीचं दे. आधी तिच्या डोळ्यात व्हतं." आणि मग त्याच्या हातातल्या कागदाकडे बोट करून ती म्हणाली, "ह्याच्यात माझं काय लिवलंय, ते वाच."

मसुदा इंग्रजीत होता. त्याने तिच्याबद्दलचा परिच्छेद काढला आणि ओळ ओळ करून सांगितला. एकसष्ट वर्षांची महिला, गुरं पाळते. दोन वर्षांपासून डोळ्यात काहीतरी हलत असल्याची तक्रार केली होती. डाव्या डोळ्यात फूल. नऊ कृमी काढले.

"कुनाकडं केली?" याडीने विचारलं.

"काय?"

"तक्रार. कुनाकडं केली व्हती?"

देविदास कागदाकडे बघत राहिला. त्या परिच्छेदावर त्याने चार दिवस घालवले होते, एकेक शब्द तोलला होता. तक्रार केली, एवढंच लिहिलं होतं. जशी ती हवेत केली होती. ही चोरी त्याने जाणूनबुजून केली नव्हती, आणि नेमकी त्याचीच त्याला भीती वाटली.

"नाव कायबी दे," याडी म्हणाली. "पन कुनाला सांगितलं ते लिव. आन् त्यानं काय केलं तेबी लिव. मला येडी ठरिवली व्हती सगळ्यांनी. माझ्या तोंडावर न्हाई म्हनलं कुनी, पन मला काय कळत नव्हतं का?" एवढं बोलून ती पुन्हा शेंगांकडे वळली. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते रडू होतं, की त्या डोळ्याला नेहमीच येतं ते पाणी, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

त्याने लिहिलं. रुग्ण महिलेने कृमीची हालचाल आणि गायीच्या डोळ्यातलं त्याचं अस्तित्व, दोन्हींचं बरोबर वर्णन निदानाच्या बावीस महिने आधी केलं होतं. कृमी प्रत्यक्ष दाखवलाही होता. तो ज्याला दाखवला, तो या निबंधाचा लेखक आणि महिलेचा मुलगा आहे. त्याने तो तपासला नाही. महिलेला भास होतात असं समजून तिला अकरा महिने अनावश्यक औषधं देण्यात आली.

रामप्रसाद सरांनी ते वाचलं आणि दोन दिवस फोन केला नाही. मग केला. शास्त्राच्या निबंधात असं लिहीत नाहीत म्हणाले. मुलाखतीत कोणीतरी हेच पान उघडून पुढ्यात ठेवील म्हणाले. त्यांची काळजी खरी होती. देविदासने त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, की तांड्यावरची ती बाई त्याची आई आहे. "मग राहू दे," सर म्हणाले, "काढू नकोस."

निबंध छापून आला. कृमीचं नाव तांबडीवरून पडलं. छापण्याआधी निबंध तपासणाऱ्यांपैकी एकाने ते नाव कोणाचं म्हणून विचारलं होतं, तेव्हा पहिल्या यजमान गायीचं, असं उत्तर गेलं. देविदासने छापील प्रत तांड्यावर नेली आणि याडीला तो परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला, आता छापलेला. तिने दोनदा वाचायला लावला. प्रत घडी करून तिने पोलक्याच्या खिशात घातली. पुढच्या चार-पाच दिवसांत तिने ती तांड्यात कोणाकोणाला दाखवली, हे त्याला नंतर कळलं. त्यातलं इंग्रजी वाचता कोणालाच येत नव्हतं. ती बोट ठेवून सांगायची, हितं लिवलंय, मी सांगितलं व्हतं आन् ह्यानं ऐकलं न्हाई.

आठव्या दिवशी शिवकन्याला तांड्यावरून फोन आला. याडीचा. डॉक्टरीणबाईला घेऊन या, एवढाच निरोप. देविदासला वाटलं, तिच्याच डोळ्यात पुन्हा काही झालं. डॉक्टरबाईंना घेऊन ती दोघं दुपारी पोचली, तर याडीच्या अंगणात बाया बसल्या होत्या. अकरा जणी. काहींनी ओढणी डोळ्यांवर ओढून घेतली होती. याडी एकीची पापणी वर करून बघत होती.

डॉक्टरबाईंनी ओट्यावरच सामान मांडलं. देविदासने टॉर्च धरली. पहिल्या बाईच्या डोळ्यात काही नव्हतं, नुसते डोळे आले होते. दुसरीच्या डोळ्यातून दोन निघाले. तिसरी भिकाबाई होती, देविदासच्या चुलत्याची बायको, लहानपणी तिच्याच घरी तो जेवायचा. तिच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ जवळजवळ सगळं पांढरं झालं होतं. डॉक्टरबाईंनी वर बघायला सांगितलं, खाली बघायला सांगितलं, बोटं मोजायला सांगितली. त्या डोळ्याने भिकाबाईला बोटं दिसत नव्हती.

"काकी, हे कधीपासून आहे?" देविदासने विचारलं. "मी मागं घरी येऊन विचारलं होतं. तू न्हाई म्हणालीस."

"व्हय, म्हनले."

"काहून?"

भिकाबाईने चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे बघितलं. तिच्या बोलण्यात जोर नव्हता, राग नव्हता. इतकी साधी गोष्ट याला कशी कळत नाही, असं तिला वाटत असावं.

"तुज्या मायनं सांगितलं, तर तिला तू डोक्याच्या गोळ्या चालू केल्या," ती म्हणाली. "वरीसभर बसल्या जागी झोपून राहायची बिचारी. आमी बगितलं ना. मग कोन सांगनार?"

मागे बसलेल्या बायांपैकी कोणी मान वर केली नाही. देविदासच्या हातातली टॉर्च खाली गेली होती. उजेड भिकाबाईच्या पायांवर पडत होता. दारोदार फिरून ज्या घरांतून न्हाई, न्हाई ऐकून आपण समाधानाने परत आलो होतो, त्या प्रत्येक घराचं दार त्याला दिसलं, आणि दारात उभी राहून त्याच्याकडे बघत हसणारी प्रत्येक बाई.

"राठोड सर, उजेड," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याने टॉर्च वर केली. भिकाबाईच्या उजव्या डोळ्यातून पाच कृमी निघाले. डाव्यातून एक. डावा वाचेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला बोलावलं. ती तरणी होती, कडेवर तान्हं लेकरू. आधी लेकराचे डोळे बघा म्हणाली.